सहावा उद्गार कुणाचा

९ मार्च २०२५, रविवार

आज उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सात उद्गार वाटले. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, म्हणून शुभ शुक्रवारी दुपारी आमच्या मंडळीतले सात जण एकेक उद्गार घेऊन बोलतात, आणि कुणी कोणता घ्यायचा ते लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, लागला की ठरतं. सहावा माझा. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण मी शाळेत मास्तरीण झाले तेव्हापासून सहावा सुकन्याबाईंचा, हे भवानी पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सगळं पूर्ण झालं असं प्रभू म्हणाला, तो सहावा. तारण म्हणजे काय ते सगळं त्या एका उद्गारात आलं. ते समजावून सांगणं कुणाही सोम्यागोम्याचं काम नाही.

साहेब म्हणाले, "सहावा, बंधू बिरुदेव."

आणि मला पाचवा. तहानेचा! सोलापुरात तहानेवर मी वेगळं काय सांगू? आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं.

बिरुदेव म्हणजे सांगोल्याकडच्या धनगराचा मुलगा. बायबल शाळा करून गेल्या दिवाळीत आमच्याकडे उपदेशक म्हणून आला. बाप्तिस्म्याचं पाणी अजून अंगावर वाळलं नाही, आणि थेट सहावा! सगळ्या बायका माना वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंडभर हसून "आमेन" म्हटलं. घरी येऊन कणीक अशी तिंबली की हे म्हणाले, "अगं, तिनं काय केलंय तुझं?" हे म्हणजे बापूसाहेब, माझे यजमान. मंडळीचे पंच आहेत. पंच असून तिथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

१२ मार्च, बुधवार

आज लेंटची घरगुती प्रार्थना आमच्याकडे होती. साहेबांना ताप, म्हणून बोलायला बिरुदेव आला, बायकोला घेऊन. बायकोचं नाव रेश्मा. लाजरी आहे, पण आल्या आल्या सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आमच्या आक्काच्या हातातलं पातेलं घेऊन घासायला बसली. मला नाही आवडलं. पाहुण्याने पायरीने राहावं.

मी दर वर्षी कोर्टाचं उदाहरण देते. देव न्यायाधीश. गुन्हा झाला की शिक्षा झालीच पाहिजे, न्यायाधीश कुणाला सोडत नाही, आणि ती शिक्षा प्रभूने आपल्या जागी उभं राहून सोसली. सरळ, स्वच्छ, आठवीतल्या मुलालाही कळेल असं. आणि बिरुदेवने काय सांगावं? लांडगा!

"माजा बा मेंढरं राखायचा," म्हणाला. "एकदा लांडग्यानं कोकरू उचललं. बा काय त्या कोकराला बडवाय बसला न्हाय, की तू कळप सोडून गेलंस कशाला. काठी घिऊन लांडग्याच्या मागं पळाला की. येशू वधस्तंभावर गेला त्यो बापाच्या हातचा मार खायाला न्हाय. लांडग्याच्या जबड्यात हात घालाय गेला. पाप, मरन, सैतान, ज्यांनी आपल्याला दातात धरून ठिवलं हुतं, त्यांच्या दाढंतनं वडून काढलं त्यानं आपल्याला. सगळं पूर्ण झालं, म्हंजे लढाई जिकली."

बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. आमचे हे सुद्धा चष्मा पुसत होते. मी चहा आणायला उठले तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आक्का येऊन बसलेली. आक्का! जी प्रार्थनेला कधी बाहेर येत नाही.

आक्काबद्दल इथे लिहिते, म्हणजे मी का चिडले ते मलाच पुढे कळेल. केराबाई माझी थोरली बहीण. जेऊरला दिली होती. तिची लेक सव्वा महिन्याची असताना इथे सोलापुरात, माझ्याकडे आलेली असताना गेली. इथल्याच कबरस्तानात पुरली. नवऱ्याने दुसरी केली आणि आक्का माझ्याकडेच राहिली. तेव्हापासून तिने प्रभुभोजनाची भाकर, प्रभूच्या देहाची खूण म्हणून मंडळीत वाटतात ती, तोंडात घेतलेली नाही. ताट समोर आलं की मान खाली घालून पुढे सारते. लेकीच्या कबरीवरही कधी गेली नाही. दर ईस्टरला ती कबर मी साफ करते, मी चुना लावते. का गं घेत नाहीस, म्हणून मी किती वेळा विचारलं असेल. कधी उत्तर नाही. तिच्यासाठी मी जेवढी प्रार्थना केली तेवढी स्वतःच्या मुलासाठी केली नाही. आक्काने एकदा ती भाकर घेतली, की मी सुटले. दुसरं काही मागणं नाही माझं.

२१ मार्च, शुक्रवार

आक्काने आज भाकऱ्या थापता थापता विचारलं, "त्यो बिरुदेव परत कवा येनार?"

मी म्हटलं, "त्याला दुसरी कामं नाहीत का?"

"लई चांगलं बोलतोय पोरगं."

माझं भाषण ती इतकी वर्षं घरात ऐकते. मी शुक्रवारच्या आधी आठवडाभर मोठ्याने तयारी करते, ती तिथेच शेंगा सोलत बसलेली असते. एकदा म्हणाली नाही, चांगलं बोलतेस.

२७ मार्च, गुरुवार

चार दिवस झाले, आक्का दुपारी शेंगांची चटणी कुटून झाली की पदर सारखा करून बाहेर पडते. "जरा जाऊन येते." आज मी मागोमाग गेले. चोरून नाही, मला त्या बाजूला दळण टाकायचंच होतं.

बिरुदेवची खोली मंडळीच्या आवारातच आहे. दार उघडं होतं. रेश्मा आक्काचे केस विंचरत होती. आमच्या आक्काचे! मला ती डोक्याला हात लावू देत नाही. मी दाराबाहेर थांबले आणि ऐकलं, त्याला माझा इलाज नव्हता.

आक्का म्हणत होती, "पोरीला ताप भरला तवा म्या भगताकडनं गंडा आनून बांदला. देवाला सोडून. देवानं तितंच शिक्षा केली, पोरच नेली माजी. न्यायाधीश सोडत न्हाय. मग ती भाकर म्या कंच्या तोंडानं घिऊ?"

एवढं झालं होतं तर! आणि मला सांगितलं नाही! मी सख्खी बहीण, तिचं जेवणखाण बघते, तिच्या गुडघ्याला तेल चोळते, आणि सांगितलं कुणाला? दिवाळीत आलेल्या उपऱ्यांना. गंड्याचं मला माहीत होतं, मीच तर तो कातरीने कापला होता. तेव्हा मी नवी नवी शिक्षिका, देवाचं भय पुष्कळ. मी तिला म्हटलंही होतं, "आक्का, देव हे सगळं बघतो हं." तिसऱ्या दिवशी पोर गेली. पण त्या गोष्टीचा आणि भाकरीचा काय संबंध? डोक्यात काय घेऊन बसली आहे बाई, देव जाणे.

बिरुदेव म्हणाला, "आक्का, लेक देवानं न्हाय नेली. मरनानं नेली. मरन काय देवाचा गडी न्हाय, वैरी हाय त्यो देवाचा. त्याच्याशीच तर झुंजला येशू. पार त्याच्या घरात शिरून, आतनं कडी काढली."

मग त्याने आक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिला ज्या भयानं धरलंय त्यानं सोडावं, येशूच्या नावानं." आक्का हमसून हमसून रडली. माझ्यासमोर तिने लेक गेली त्या दिवशीही डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं.

मी दळण न टाकताच परत आले. जळते आहे मी, खोटं कशाला लिहू? इथे कोण वाचतंय.

३० मार्च, रविवार

आज पाडवा, बाहेर सगळीकडे गुढ्या. उपासनेनंतर मी बिरुदेवला पिंपळाखाली गाठलं.

म्हटलं, "आमच्या आजोबा-पणजोबांनी भगत, भुतंखेतं, लिंबू-मिरची सगळं सोडलं आणि माणसात आले. शाळा शिकले. तू तेच मागच्या दाराने परत आणतोस? याने धरलं, त्याने सोडलं?"

तो म्हणाला, "भुताचं न्हाय वो बाई. भय हाय, दारू हाय, आपल्या पोरांना पानवठ्यावर हुबं ऱ्हाऊ न देनारी माणसं हायेत. ह्या काय नुसत्या आपल्या चुका हायेत व्हय? ह्यांची सत्ता चालती आपल्यावर. ती मोडली म्हनून तर आपन मान वर करून चालतो की."

"आणि पापाचं काय? माणसाने केलेलं कुणी निस्तरायचं? सगळं लांडग्यावर ढकललं की माणूस मोकळा!"

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "तुमचंबी खरं हाय बाई. म्या तुमच्याकडनं शिकाय पायजे. पर आक्काला कोर्टाची लई भीती बसलीया. तिला आदी कोर्टाबाहेर काढू, मग बगू."

तोंड वर करून भांडला असता तर बरं झालं असतं. हा असा नमतो, आणि मग माणसाला स्वतःचाच आवाज मोठा वाटायला लागतो. बायका बघत होत्या. मी तरातरा निघून आले.

४ एप्रिल, शुक्रवार

आक्का म्हणाली, "सुके, येत्या गुरवारी न्हाय, त्याच्या म्होरल्या गुरवारी प्रभुभोजन हाय न्हवं? बिरुदेव वाढनार हाय. म्या घेईन म्हनते."

मी म्हटलं, "देवाची स्तुती असो."

इतकी वर्षं याच एका वाक्यासाठी गुडघे झिजवले. आणि आज ते ऐकून मला आधी काय आठवलं? की सगळी मंडळी म्हणणार, बिरुदेवने करून दाखवलं. सुकन्याबाईंना जमलं नाही ते. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

६ एप्रिल, रविवार

मी काही खोटं सांगितलेलं नाही. ह्यांना एवढंच म्हटलं की बिरुदेव बंद खोलीत बायकांच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी काढतो, आणि आपल्या राज्यात जादूटोण्याचा कायदा आहे. उद्या कुणी तक्रार केली तर मंडळीचं नाव पेपरात येईल. खोली बंद नव्हती हे खरं, पण बंद करायला किती वेळ लागतो?

हे म्हणाले, "तू स्वतः पाहिलंस?"

"डोळ्यांनी."

संध्याकाळी पंचांची बैठक होती. हे शर्ट घालून निघाले तेव्हा दारात थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सुकन्या, नक्की ना?" मी म्हटलं, चहा गार होतोय.

८ एप्रिल, मंगळवार

बिरुदेवला ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यासाठी अकलूजच्या छोट्या मंडळीकडे पाठवलं. तिथे माणूस कमी आहे असं कारण दिलं. साहेबांचा स्वतः फोन आला, "बाई, सहावा तुम्हीच घ्या, पाचव्याचं मी बघतो."

घेते म्हटलं. घसा मोकळा ठेवायला हवा, उद्यापासून ताक बंद.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सकाळी प्रभूच्या यरुशलेमप्रवेशाची झावळ्यांची फेरी झाली, ऊन रणरणतंय. यंत्रमागवाल्यांनी सुद्धा दुपारचे माग बंद ठेवले, त्यामुळे गल्ली कशी ओकीबोकी वाटते. मी भाषणाची तयारी करते आहे. आक्का शेंगा सोलत नाही, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडते. बिरुदेव का गेला ते तिने विचारलं नाही. मी आपण होऊन सांगितलं की तिकडे गरज होती. ती "व्हय" म्हणाली.

१७ एप्रिल, गुरुवार

आक्का प्रभुभोजनाला आली नाही. पांढरी साडी सकाळीच इस्त्री करून आणली होती, ती घडी न मोडता खुर्चीवर तशीच. मी म्हटलं, "चल की, साहेब आहेत वाढायला." म्हणाली, "गुडघं दुखत्यात."

मंडळीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. ताट माझ्याकडे आलं, मी भाकर घेतली. मग ताट सवयीने त्या रिकाम्या जागेकडे धरलं. उन्हाचा परिणाम असणार.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

नीट लिहून ठेवते, कारण काय झालं ते माझं मलाच कळलेलं नाही.

मंडळी गच्च भरली होती. पंखे फिरत होते पण हवा गरम. पाच जणांचं झालं, मी उठले. आक्का आली होती, खांबाजवळ, बायकांच्या शेवटच्या रांगेत. सुरुवात छान झाली. कोर्ट उभं केलं, न्यायाधीश बसवला. "गुन्हा झाला की शिक्षा झालीच पाहिजे," मी म्हटलं, आणि आक्काचे ओठ हलले. पहिल्यांदा वाटलं प्रार्थना करते. मी म्हटलं, "न्यायाधीश कुणाला सोडत नाही." तिचे ओठ माझ्याबरोबर हलले. माझ्या पुढचं वाक्य तर ती माझ्या आधी म्हणत होती. तिला सगळं पाठ आहे! दर वर्षी घरात ऐकून ऐकून शब्दन् शब्द पाठ! आणि तोंडावर काय होतं, तर फाशी सुनावल्यावर माणसाच्या तोंडावर असतं ते.

मला पुढचं आठवेना. कागद हातात होता, पण वाचवेना. मधली दोन पानं तशीच सोडली आणि म्हटलं, "पूर्ण झालं, असं प्रभू म्हणाला. आता कुणाच्या मागे कुणी लागलेलं नाही." आणि बसले. लोकांना वाटलं मला चक्कर आली. साहेबांनी पाणी पाठवलं.

ह्यांना सांगितलं, वेळ कमी होता म्हणून आटोपतं घेतलं. हे म्हणाले, "आजवरचं सगळ्यात चांगलं बोललीस." माझी चेष्टाच केली असणार.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे कबरस्तानात जायला निघालो तर आक्का दारात तयार उभी. पांढरी साडी. म्हणाली, "कबर कुटली ती दाव मला."

रिक्षाने गेलो. मी तिला चुना लावलेली ती एवढीशी कबर दाखवली. ती खाली बसली, गुडघ्याचं दुखणं विसरून. मातीवरून हात फिरवला, जसा तापातल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात. सगळी मंडळी ईस्टरची गाणी गात होती, ही आपली बोलत होती तिच्याशी, "आले गं माजे बाय, आले." मी बाजूला मेणबत्ती धरून उभी. माझेही डोळे वाहत होते, ते नाकारत नाही.

मग मंडळीत ताट आलं. मी श्वास धरून बसले. आक्काने हात पुढे केला, भाकर घेतली आणि खाल्ली. रोज खाते तशी. साहेब ताट पुढे न्यायचंच विसरले. मला वाटलं, आता ही वळेल आणि माझा हात धरेल. ती वळली आणि म्हणाली, "बिरुदेवला फोन लाव गं. त्याला सांगू."

तळपायाची आग मस्तकात गेली! घरी गेल्यावर लावू म्हटलं. उन्हाने डोकं तापलं म्हणून न्हाणीत जाऊन डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतलं, तरी आतली आग विझेना. बाहेर आले, आक्का पाटावर बसून फोनकडे बघत होती.

मी म्हटलं, "त्याला, त्याला, त्याला! कबरीला चुना कुणी लावला? तुझ्यासाठी गुडघे कुणी टेकले? तो काल आलेला पोरगा तुझा सगळा झाला आणि मी कोण? ऐकायचंय तुला? मीच घालवलं त्याला अकलूजला! ह्यांना मीच सांगितलं!"

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"समदं. त्या दिशी दाराशी तुजी सावली दिसली हुती. अन् दाजी काय पोटात ठेवत्यात व्हय?" ती हसली. किती वर्षांनी दात दिसले तिचे. "म्हनून गुरवारी आले न्हाई. लई राग आला हुता तुजा. शुक्रवारी मातूर तू मधीच गप बसलीस. रोजचं म्हनलीच न्हाईस. तवा मला वाटलं, सुकीनंबी सोडलं मला."

मी उभीच्या उभी. सोडलं? मी? मी कधी धरलं होतं? तिचं खाणंपिणं, औषधपाणी, सगळं मी केलं, आणि हिच्या मनात मी धरून ठेवणारी! भोकाड पसरावंसं वाटत होतं आणि तिला ढकलून द्यावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लई जळतीस गं तू. आदीपासनंच. आई मला मांडीवर घ्यायची तवाबी असंच तोंड करायचीस. तुलाबी धरलंय कशानं तरी. ये हितं, बस."

"मला काही धरलेलं नाही."

"बरं. बस तर."

मी बसले. पाय दुखत होते म्हणून. तिने हात वर केला तशी मी मान मागे घेतली. म्हटलं, "केस ओले आहेत माझे. हात लावू नकोस."

तिने लावलाच. जड हात आहे तिचा, भाकऱ्या थापून थापून झालेला. ती पुटपुटायला लागली, बिरुदेवचेच शब्द होते ते, एकन् एक, मला ओळखू आले. मी तिचा हात काढला नाही.